जावईसाहेबांनी दाखवलेलं पाणी

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही आणि जमिनीतल्या पाण्यातलं तर त्याहून कमी कळतं. तरीही बालाघाटच्या डोंगराखाली, माझ्या सासुरवाडीत, एका विहिरीच्या कठड्यावर माझं नाव कोरलेलं आहे आणि नावाखाली 'जलशोधक' असं लिहिलेलं आहे. हे कसं घडलं ते आज सगळं सांगून टाकतो. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि ज्यांच्यासाठी लपवलं त्याही उरल्या नाहीत.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा म्हटल्यावर सगळंच नवं! पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहून गेला असावा, कारण त्यानं लागोपाठ दोन वर्षं आमच्याकडं तोंड दाखवलं नाही. मी त्यातल्याच एका नव्या कचेरीत आवक-जावक कारकून होतो. म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. मधल्या वेळात चहा.

सासुरवाडीत मात्र मी 'साहेब' होतो. हे पाप माझं नव्हे, माझ्या वडिलांचं. लग्न जमवताना त्यांनी "पोरगा जिल्ह्याच्या हाफिसात हाय" एवढंच सांगितलं आणि मिशीवरून हात फिरवला. पुढचं सगळं सासऱ्यांनी स्वतःच्या मनानं जोडून घेतलं. मी पहिल्या दिवाळसणाला टेरिलीनची पँट घालून गेलो आणि उरलीसुरली शंकाही मिटली. खोटं मी एकदाही बोललो नाही. खरंही एकदाही बोललो नाही.

आता पक्षी. आमच्या गल्लीत सय्यद मास्तर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या हैदराबादच्या मावसभावानं त्यांना एक दुर्बीण दिली आणि त्या दिवसापासून त्यांचं माणसांकडं लक्षच राहिलं नाही. त्यांनी 'पक्षीमित्र मंडळ' काढलं. सभासद तीन. अध्यक्ष स्वतः मास्तर, दुसरा गुंडप्पा आणि तिसरा मी. गुंडप्पा निलंग्याकडचा, जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्याला कोंबड्यांचे रोग पाठ होते. रोग न झालेल्या पक्ष्यात त्याला रस नव्हता, पण डबा घेऊन कुठं जायचं म्हटलं की तो पहिला तयार!

दुष्काळात तळी आटली तसे लातूरभोवतालचे पक्षी गेले. राहिले फक्त कावळे. मास्तरांनी तीन रविवार कावळ्यांची चित्रं काढली आणि चौथ्या रविवारी वही मिटली.

"भई, डोंगरात गेल्याबगैर काही नाही मिळणार," ते म्हणाले. "थंडीचे मेहमान पक्षी डोंगराकडंच उतरत असतील."

"डोंगर माझ्याकडं आहे," मी म्हणालो. (माणसानं किती बोलावं याला काही मर्यादा!) "जळकोटच्या पुढं, माझी सासुरवाडी. राहायची सोय, जेवायची सोय."

"कोंबडी असंल का?" गुंडप्पानं विचारलं. पक्ष्यांविषयी त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न.

ऐन थंडीतल्या एका शनिवारी आम्ही यष्टीतून उतरलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. दुर्बीण मास्तरांनी प्रवासात सांभाळायला म्हणून माझ्या गळ्यात अडकवलेली. सासरे फाट्यावर घ्यायला आले होते. (आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला मामी म्हणतात.) "जय भीम, जावईसाहेब!" म्हणून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दुर्बिणीकडं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग ते जे झपाझपा पुढं चालू लागले, ते थेट वस्तीत जाऊन थांबले.

वस्तीची विहीर दिवाळीलाच आटलेली होती. गावातल्या विहिरीला थोडं पाणी होतं, पण वस्तीतल्या बायांनी घागरी घेऊन बाजूला उभं राहायचं, वरच्या आळीचं सगळं आटोपल्यावर उरलेलं शेंदायचं. मामी ते करायच्या नाहीत. "वाट बघत उभं ऱ्हायाला मी काय भिकारीण हाय?" म्हणायच्या आणि ओढ्याच्या वाळूत हातानं झिरा उकरून, वाटीवाटीनं घागर भरायच्या. एका घागरीला दीड तास. ग्रामपंचायतीनं वस्तीला दुसरी विहीर खणायची परवानगी देऊन तीन वर्षं झाली होती, पण विहीर खणली गेली नव्हती. कारण प्रत्येकाला ती आपल्या दारात पाहिजे होती! बैठक बसायची, भांडण व्हायचं, बैठक उठायची.

हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आम्ही हातपाय धुवायच्या आत अंगणात पंचवीस-तीस माणसं येऊन बसली आहेत आणि सगळी माझ्या गळ्याकडं बघून राहिली आहेत.

"जावईसाहेब पाणी बघायला आलेत," मामा जाहीर करून मोकळे झाले. "जिल्ह्याहून. मशीन घेऊन."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं! पण तेवढ्यात कोपऱ्यातून गुंडप्पा म्हणाला, "आता अंधार पडला. साहेब उद्या सकाळी बघतीलच." आणि पटका तोंडावर घेऊन हसायला लागला. लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारा उठून माझ्या पाया पडला. ज्याच्या पाया कधी आपली सख्खी भावंडं पडली नाहीत त्याला हे सोसत नाही हो. मी म्हटलं, सकाळी सांगू. उजेडात सांगितलेलं बरं असतं.

पहाटे वाकळा पांघरून आम्ही डोंगर चढलो. थंडी अशी की मास्तरांची पेन्सिल बोटांत धरवेना. पक्षी बघायचे तर तिथं बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि काही दिसलं तर नुसतं बोट करायचं, असा मंडळाचा नियम होता. जो आधी बोट करेल त्याच्या नावावर तो पक्षी वहीत चढायचा. दोन तासांत मास्तरांच्या नावावर अकरा पक्षी चढले. गुंडप्पाच्या नावावर दोन, आणि त्यातला एक त्याच्या अंगावर शिटला म्हणून. माझ्या नावाखालचं पान कोरं!

"तुम्ही डोळे उघडे ठेवता ना?" मास्तरांनी कानात विचारलं.

मला लई लागलं ते. मी त्यांच्या हातातून दुर्बीण ओढून घेतली आणि उतरताना डोळ्याची काढलीच नाही. दोनदा ठेचाळलो, एकदा बोराटीत गेलो. आम्ही ओढ्याच्या काठावर आलो तर खाली वाळूत मामी आणि आणखी दोघीतिघी झिरा उकरत बसलेल्या, आणि आमच्या मागं काठावर मामांसकट सगळी वस्ती येऊन गुपचूप उभी. त्यांच्याकडं माझं लक्षच नव्हतं. मला पलीकडच्या काठावर, बाभळीच्या बुडाशी, काहीतरी हललेलं दिसलं होतं. काळं-पांढरं, चिमणीएवढं, चालताना एकसारखं शेपूट वरखाली करणारं! (धोबी पक्षी तो. मास्तरांनी नंतर सांगितलं. थंडीत सगळीकडं असतो म्हणे, त्याचं कौतुक कुणी करत नाही.)

मंडळाचा नियम मी साफ विसरलो.

"तिथं! तिथं! दिसलं!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो आणि पलीकडं बोट केलं.

पक्षी उडाला. मी दुर्बीण घेऊन त्याच्या मागं आकाशात. तो गेला डोंगराकडं, मी तोंड वर करून गोल फिरलो आणि दुर्बीण खाली घेतली तेव्हा काठावरची माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मामांच्या डोळ्यांत पाणी. खाली ओढ्यात मामी उठल्या, एक भलाथोरला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि पलीकडचा काठ चढून गेल्या. खुणेचा दगड! बाकीचे मागोमाग धावले.

"मास्तर," मी म्हणालो, "हे काय होऊन राहिलंय?"

"तुम्ही पाणी दाखवलं," सय्यद मास्तर शांतपणे म्हणाले. "मुबारक हो."

त्या वेळी मी ओढा ओलांडून जायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं की बाबांनो, मी कारकून आहे आणि तो पक्षी होता. पंधरा पावलांचं अंतर. मी गेलो नाही. माझ्या गळ्यात तोवर कुणीतरी टॉवेल घातला होता. दुपारी जेवायला कोंबडी होती आणि गुंडप्पा सोडून आमच्या कुणाच्याही घशाखाली ती उतरली नाही.

लातूरला परतल्यावर मी आठ दिवस बायकोला काही बोललो नाही. नवव्या दिवशी यष्टीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला, आणि तो नेमका तिच्याच हातात पडला. निरोप असा होता: दोन परस खणून झालं (म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं), नुसता मुरूम लागून राहिलाय, साहेबांना एकदा येऊन जायला सांगा.

"तुम्ही पाणी दाखवलं?" सुमननं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं पदर खोचला आणि माझ्यासमोर बसली.

"रोजगार हमीवर दिवसभर खडी फोडतात ती माणसं. मग येऊन खणतात. माझी आई पाट्या वाहत असंल त्या खड्ड्यातून. आणि तुम्ही इथं सुपारी कातरत बसलात? उद्या जा आणि खरं काय ते सांगून या. मार बसला तर खाऊन या."

मी सय्यद मास्तरांना सोबत घेतलं. मार विभागून बसेल, हा हिशेब. यष्टीत मी भाषण पाठ केलं. "बांधवांनो, मी आपला अपराधी आहे," अशी सुरुवात होती. मास्तर म्हणाले, सुरुवात चांगली आहे, पण पुढचं म्हणायला वेळ मिळेल असं वाटत नाही.

ओढ्यावर गेलो तर पलीकडच्या काठावर मातीचा ढीग, त्यावर पोरंबाळं, टोपल्या, दोरखंड. खड्डा खोल गेलेला. पण तो बाभळीखाली नव्हताच! बाभळीपासून चांगला चाळीस पावलं लांब, करंजाच्या झाडाखाली होता.

"अहो, पण मी तर इथं..." एवढे शब्द माझ्या तोंडातून गेले असतील-नसतील, मामींनी डोक्यावरची पाटी खाली टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं की पुढचे शब्द माझे मीच गिळले.

"जावईबापू दमून आलेत," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "चला, आधी च्या घ्या." आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला झाडामागं नेलं. तिथं चहाबिहा काही नव्हता.

"मामी, मी साहेब नाही हो. मी पक्षी बघायला आलो होतो. मी दाखवली ती जागा..."

"तुमी दावलेली जागा कातळ हाय," मामी म्हणाल्या. "म्हून तर मी दगड हितं आणून ठिवला."

मामींनी करंजाच्या खोडावर थाप मारली.

"लगीन होऊन आले तवापासून बघून राहिले मी. हे करंज भर उन्हाळ्यात हिरवं ऱ्हातंय. वस्तीतली समदी कुत्री चैतात हितंच खड्डा करून निजत्यात, त्यास्नी गारवा लागतो. पाणी हितंच हाय. तुमच्या मामाला किती येळा सांगितलं! ते म्हनत्यात, बायामाणसाला काय कळतंय. बैठकीत बोलले तर समदे हसले. त्या दिवशी तुमी बोट केलं आणि एकबी जण हसला न्हाई. मग म्हनलं, बोट जावयाचं असू द्या. जागा आपली."

"आणि नाही लागलं तर?"

मामींनी हात पुढं केले. तळव्यांना फोड येऊन फुटले होते, वर चिंध्या बांधलेल्या. "लागंल," त्या म्हणाल्या. "पण आता लोकं थांबाय लागलेत. तुमी जावा आणि सांगा, हीच जागा. आणि ह्यातलं काई कदी बोलू नका. मी जिती हाय तवर तरी."

मी माफी मागायला आलेला माणूस! पाठ केलेलं भाषण खिशात, आणि आता त्याच्या बरोब्बर उलटं बोलायचं.

खड्ड्याच्या काठावर दगडू नावाचा एकजण पहार टेकून उभा होता. "साहेब, स्पष्ट सांगा," तो म्हणाला. "पाणी न्हाई म्हना, आमी घरी जातो. हाय म्हना, खणतो. पण थापा नगं."

सगळे माझ्याकडं बघून राहिले. मामीही. मी मास्तरांच्या गळ्यातली दुर्बीण काढली, काठावर पालथा झालो आणि खड्ड्यात बघितलं. गडबडीत दुर्बीण उलटी धरलेली! तळ मला कोसभर खाली दिसला आणि तळातला माणूस मुंगीएवढा.

"खोल आहे," मी म्हणालो. "पण आहे. इथंच आहे. थांबू नका."

आयुष्यात इतकं ठाम मी कधीच बोललो नाही. मास्तर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनीही मान डोलावली. दगडूनं पहार उचलली. मी कपडे काढून खड्ड्यात उतरलो आणि संध्याकाळपर्यंत पाट्या भरून दिल्या. लोक म्हणाले, साहेब असून बघा! मी लाजेनं खणत होतो. लातूरला आल्यावर चार दिवस हात वर होईना, शिक्के डाव्या हातानं मारले.

पुढचे दहा-बारा दिवस मी नीट जेवलो नाही. यष्टी आली की स्टँडवर जाऊन उभा राहायचो, कंडक्टरनं मान हलवली की परत यायचो. मामींचे ते हात डोळ्यांपुढून हलत नव्हते.

एक दिवस कचेरीत साहेबांची घंटा वाजली. आत गेलो तर साहेबांच्या समोरच्या खुर्चीत मामा! धुतलेलं धोतर, डोक्याला पटका आणि टेबलाच्या काचेवर टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली. शिपायाला त्यांनी "साहेब कुठं बसत्यात?" विचारलं होतं आणि शिपायानं प्रामाणिकपणे नेऊन पोचवलं होतं. बाटलीत गढूळ, तांबूस पाणी होतं.

"लागलं," मामा मला म्हणाले. आणि त्यांनी बाटली उजेडात धरली.

मी टेबलाला धरून उभा राहिलो.

"हे म्हणतात की जमिनीतलं पाणी तुम्ही शोधलंत," साहेब म्हणाले. "अहो, तुम्हाला कपाटातली फाईल सापडत नाही!"

मामांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बसलेला कोण आणि उभा कोण, हे त्यांनी नीट बघून घेतलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो.

"तुमी साहेब न्हाई व्हय?"

"नाही मामा. कारकून."

त्यांनी डोक्याचा पटका सारखा केला. मग बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "वस्तीत बोलू नका. लोकं आनंदात हायेत, पाणी पिऊन राहिलेत. कशाला उगंच?"

म्हणजे जागेबद्दल माझं तोंड मामींनी बंद केलेलं आणि हुद्द्याबद्दल मामांनी! दोघं एकाच घरात राहायचे, पण एकमेकांना बोलले नाहीत. मी दोन्ही वचनं पाळली. वर्षं गेली. जिल्हा जुना झाला, मी निवृत्त झालो, सय्यद मास्तर मुलाकडं हैदराबादला गेले. गुंडप्पा अजून आहे आणि अजून कोंबडीबद्दल विचारतो. ती विहीर पुढच्या कुठल्याच दुष्काळात आटली नाही.

मागच्या वर्षी मामी गेल्या. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली, वरच्या आळीतलेही आले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो आणि ठरवलं की आज बास. सगळं सांगितलं. मी कधीच साहेब नव्हतो, आवक-जावक कारकून होतो. मी पक्षी बघत होतो. माझी जागा कातळ होती. पाणी मामींनी दाखवलं, करंज आणि कुत्री बघून. मी फक्त ओरडलो होतो. बोलता बोलता मला रडू आलं आणि मी खाली बसलो.

कोपऱ्यात मामा बसले होते, खूप थकलेले. "मला सांगितलं व्हतं तिनं," ते स्वतःशीच म्हणाले. "लई येळा सांगितलं व्हतं."

मग दगडूचा मुलगा उठला. तो आता सरपंच आहे. "बघा मंडळी!" तो म्हणाला. "एवढा मोठा साहेब, आणि स्वतःला कारकून म्हनतोय! समदं श्रेय सासूला देऊन मोकळा! असा जावई जिल्ह्यात न्हाई!"

अशा टाळ्या पडल्या म्हणून सांगू! त्यानं येऊन माझ्या गळ्यात हार घातला. मी तो काढला आणि पुढं जाऊन मामींच्या फोटोला घातला. त्यावर आणखी टाळ्या पडल्या, आणि त्याही माझ्यासाठीच होत्या.